विवेकाला एकटं पाडू नका

अहेरी, आलापल्ली, एटापल्ली, भामरागड, मुलचेरा, सिरोंचा या भागातल्या माझ्या भावाबहिणींनो,

दरवर्षी २१ ऑक्टोबरला आपण बाबुराव शेडमाके यांचं स्मरण करतो. चंद्रपूरच्या तुरुंगातल्या पिंपळापाशी फुलं वाहिली जातात, गावोगाव भाषणं होतात. किष्टापूरचा, मोलमपल्लीच्या जमीनदार घराण्यातला हा तरुण १८५८ साली त्या दिवशी फासावर गेला, तेव्हा अवघा पंचवीस वर्षांचा होता. त्याच्या पराक्रमाची गोष्ट आपल्या लेकरांना पाठ आहे. इंग्रजांविरुद्ध जंगोम दल कसं उभं राहिलं, राजगड परगणा कसा ताब्यात आला, नांदगाव-घोसरीला फौजेशी कशी गाठ पडली, चिंचगुंडीला तारखात्याच्या तळावर छापा पडून गार्टलंड आणि हॉल हे दोन इंग्रज कसे मारले गेले, हे सगळं आपण अभिमानाने सांगतो. शेवटचा भाग मात्र भराभर उरकतो. तो भाग बाबुरावांना पकडून देण्याचा आहे. आज मला त्याच भागाविषयी तुमच्याशी बोलायचं आहे, कारण पराक्रमाची वेळ आपल्यातल्या फार थोड्यांवर येते आणि सौद्याची वेळ प्रत्येकावर येते.

कॅप्टन क्रिक्टन तेव्हा चांद्याचा डेप्युटी कमिशनर होता. त्याच्या हाती फौज होती, बंदुका होत्या, तरी या जंगलात बाबुराव त्याला सापडत नव्हते. अखेर त्यांना पकडून इंग्रजांच्या हवाली केलं ते अहेरीच्या जमीनदार लक्ष्मीबाई यांनी. मोलमपल्ली अहेरीच्याच जमीनदारीतली. म्हणजे परक्याने पकडलं नाही, आपल्याच माणसाने आपल्या माणसाला दिलं. अटक कशी झाली याच्या कथा आपल्याकडे वेगवेगळ्या सांगतात. काहींमध्ये जेवणाच्या निमंत्रणाचाही उल्लेख येतो. बाबुरावांचे साथी, अडपल्ली आणि घोटचे जमीनदार व्यंकटराव, बस्तरकडे निसटले. १८६० मध्ये तेही पकडले गेले आणि त्यांना जन्मठेपेवर पाठवलं गेलं. त्यांची जमीनदारी सरकारजमा झाली आणि तिच्यातली ६७ गावं लक्ष्मीबाईंना इनाम म्हणून मिळाली.

एका बाजूला एक तरुण आणि दुसऱ्या बाजूला ६७ गावं, असा तो हिशेब.

त्या काळाचा विचार करून बोलायचं, तर लक्ष्मीबाईंवरचं संकट खोटं नव्हतं. नागपूरचे तिसरे रघुजी भोसले १८५३ च्या डिसेंबरात वारले आणि पुढच्याच वर्षी इंग्रजांनी नागपूरचं राज्य खालसा केलं. चांदा त्यात गेला. पिढ्यान् पिढ्या चालत आलेले हक्क नवं सरकार मानेल की नाही, ही धास्ती प्रत्येक जमीनदाराच्या उशाशी होती. त्यात बंडखोर आपल्याच जमीनदारीतला. त्याला देऊ तर आपलं माणूस जातं, न देऊ तर जमीनदारी जाते. अशा जागी उभं राहून आपण काय केलं असतं, हे छातीवर हात ठेवून सांगणं सोपं नाही. म्हणून मला कुणाला दोषी ठरवायचं नाही, आणि पावणेदोनशे वर्षांपूर्वीचा जाब आज कुणाच्या वंशजांना विचारायचा नाही. तो सौदा मात्र मला नीट पाहायचा आहे, कारण तो आजही होतो. रक्कम लहान असते, माणसं साधी असतात, एवढाच फरक.

सरकारी दफ्तरात काय येतं? तारीख येते, शिक्षा येते, कुणाला किती गावं मिळाली ते येतं. ज्या रात्री माणसाने मनातल्या मनात होकार दिला, ती रात्र दफ्तरात कधीच येत नाही. ती पाहायची तर नाटकाकडे जावं लागतं.

आपण नाटक जाणणारी माणसं आहोत. धान निघालं की झाडीपट्टीत मंडप पडतात. वडशाच्या कंपन्या गावोगाव जातात, लोक घोंगड्या-चादरी घेऊन रात्रभर बसतात आणि पहाटे डोळे पुसत घरी येतात. त्यांना माहीत असतं की खरं नाटक तलवारीच्या लढाईत नसतं. माणूस एकटा उभा राहून स्वतःशीच भांडतो, तिथे ते असतं. अशा भांडणाचं जगातलं फार मोठं नाटक म्हणजे शेक्सपिअरचं ‘मॅकबेथ’. चारशे वर्षांपूर्वीचं. मराठी माणसाला ते नवं नाही. ‘काळ’कर्ते शिवराम महादेव परांजपे यांनी ते ‘मानाजीराव’ या नावाने आपल्याकडे आणलं आणि वि. वा. शिरवाडकरांनी १९५४ साली ‘राजमुकुट’ या नावाने. ज्यांनी वाचलं नसेल त्यांच्यासाठी गोष्ट थोडक्यात सांगतो.

मॅकबेथ हा स्कॉटलंडचा शूर सरदार. लढाई जिंकून परतताना वाटेत तीन चेटकिणी भेटतात आणि त्याला म्हणतात, तू राजा होणार. त्याच्याबरोबर बँको हा त्याचा मित्र असतो. त्यालाही त्या म्हणतात की तुझा वंश राज्य करील. दोघांनी एकाच ठिकाणी, एकाच वेळी भविष्य ऐकलं. चेटकिणींनी खून करा असं कुणालाच सांगितलं नाही. ते शब्द मॅकबेथच्या मनात आधीच जागा करून बसलेल्या इच्छेला जाऊन भिडले. पुढे राजा डंकन त्याच्याच घरी पाहुणा म्हणून येतो. त्या रात्री मॅकबेथ एकटा बाजूला जाऊन विचार करतो, आणि तो विचार इतका स्वच्छ आहे की कुठल्याही कीर्तनकाराने कान पकडावेत. हा राजा माझा नातलग आहे, मी त्याचा सेवक आहे. तो माझ्या छपराखाली आला आहे, दार लावून त्याला जपणं माझं काम, सुरी घेऊन जाणं नव्हे. आणि तो चांगला राजा आहे, त्याने माझं वाईट केलेलं नाही. माझ्यापाशी कारण म्हणून काही असेल तर ते फक्त माझी हाव. इतकं सगळं त्याला कळतं. तो बायकोला जाऊन सांगतोही की हे आता पुढे न्यायचं नाही. आणि थोड्याच वेळात तो खून करतो.

मला तुम्हाला जे सांगायचं आहे ते इथे आहे. चूक कळत नाही म्हणून माणूस चुकत नाही. मॅकबेथला सगळं कळत होतं. आपल्यालाही कळत असतं. तरीही आपण लहानपणापासून मुलांना आणि मोठेपणी एकमेकांना हेच सांगत राहतो की चांगलं काय, वाईट काय. ते सांगून फारसं काही हाती लागत नाही, कारण ज्ञानाची कमतरता नव्हतीच. कमतरता होती सोबतीची. मॅकबेथने आपला प्रश्न दोघांपुढेच मांडला. एक स्वतःपुढे आणि दुसरा बायकोपुढे, आणि तिला त्या सौद्यात त्याच्याइतकाच वाटा हवा होता. तिसऱ्या माणसाच्या कानावर तो गेला असता तर? दुसऱ्या दिवसाचा उजेड त्याच्यावर पडला असता तर? तो खून रात्रीच व्हावा लागला, कारण उजेडात आणि चारचौघांत तो होण्यासारखा नव्हता.

बायकोने त्याला काय म्हटलं, तेही ध्यानात ठेवा. खून चांगला असतो असं ती एकदाही म्हणाली नाही. तिने त्याची मर्दानगी काढली. हिंमत नाही तुझ्यात, शब्द देऊन फिरतोस, असं ती म्हणाली. विवेकाला वाद घालून हरवता येत नाही, तो वादात जिंकतोच. म्हणून त्याला लाजवलं जातं. आपल्याकडेही पाहा. ‘घे’ म्हणणारा माणूस ‘हे बरोबर आहे’ असं कधी म्हणत नाही. तो म्हणतो, ‘सगळेच घेतात’. तो म्हणतो, ‘तू नाही घेतलंस तर दुसरा घेईल’. तो म्हणतो, ‘अजून भोळाच राहिलास रे’. या तीन वाक्यांपैकी कुठलंही वाक्य कानावर आलं की समजावं, समोरच्याकडे कारण उरलेलं नाही.

बँकोचं काय झालं? त्यालाही मोह झाला. त्याला झोप लागेना, मनात नको ते विचार येऊ लागले, तेव्हा या विचारांपासून मला आवर, असं त्याने देवाला विनवलं. चेटकिणी स्वप्नात आल्या हे त्याने मॅकबेथला उघड सांगून टाकलं. मॅकबेथने आडून आडून साथ मागितली, तेव्हा माझं मन मोकळं आणि निष्ठा शाबूत राहत असेल तर ऐकतो, असं त्याने उत्तर दिलं. मोह दोघांना झाला, बँकोने तो बोलून दाखवला आणि म्हणून तो त्या मोहातून वाचला. पण पुढे त्याच्याकडून एक गोष्ट राहून गेली. खून कुणी केला असावा हे त्याने ओळखलं आणि ते मनातच ठेवलं. स्वतःविषयी बोलला, दुसऱ्याच्या पापाविषयी गप्प राहिला. त्याच्याही अंगावर मारेकरी धावून आले. गावात चाललेलं दिसत असूनही ‘आपल्याला काय करायचं’ म्हणणाऱ्या सज्जनांनी बँकोची ही दुसरी बाजू विसरू नये.

मराठी मुलखात असं घडलंच नाही असं नाही. ३० ऑगस्ट १७७३ रोजी शनिवारवाड्यात नारायणराव पेशव्यांचा खून झाला. पुतण्याला धरण्याचा हुकूम काकाचा, रघुनाथरावांचा होता आणि मागे पेशवाईची गादी होती. घराच्या आत, गारद्यांच्या हातून, नात्याच्या माणसाचा खून. नाटकाशी तुलना करायला फार ताणावं लागत नाही. पण पुण्यात तेव्हा एक गोष्ट होती जी मॅकबेथच्या किल्ल्यात नव्हती. तिथे न्यायाधीश रामशास्त्री प्रभुणे होते. सत्तेवर बसलेल्या माणसाला त्यांनी तोंडावर सांगितलं की या पापाला देहान्ताखेरीज प्रायश्चित्त नाही, आणि असल्या राज्यात राहणं नको म्हणून ते पद सोडून निघून गेले. रघुनाथरावांची गादी फार टिकली नाही. बारभाईंनी त्यांच्याविरुद्ध एकी केली. माणसाच्या आतला आवाज दबला तेव्हा बाहेर एक आवाज उरला होता, आणि त्याने राज्याला सावरायला वाट दिली.

आता आपल्या अंगणात येऊ.

आपल्या भागात सौदे कुठे होतात, ते तुम्हाला माहीत आहे. पेसा कायदा आणि वनहक्क कायदा यांच्यामुळे तेंदूपत्त्याचा लिलाव ग्रामसभेच्या हाती आला. हंगाम उन्हाळ्यातला, पण ठेकेदाराचा माणूस आधीच गावात येतो. तो सभेत येत नाही, अध्यक्षाच्या किंवा सचिवाच्या घरी येतो, तेही सांजवेळी. दर थोडा खाली ठरवा, बाकीचं आपण पाहून घेऊ, असं बोलणं होतं. बांबूच्या निष्कासनात हेच. खाणीच्या गाड्यांच्या कामात, रस्त्याच्या कामात, घरकुलाच्या यादीत हेच. पोलीस भरतीसाठी पहाटे रस्त्यावर धावणाऱ्या पोराला कुणी दलाल गाठतो आणि दाखल्याचं ‘सेटिंग’ करून देतो म्हणतो. १९९३ पासून गडचिरोली जिल्ह्यात दारूबंदी आहे, पण नदीपलीकडून चार पेट्या आणून दिल्या की महिन्याचा खर्च निघतो, असं सांगणारे भेटतात. यात कुणी सुरी घेऊन कुणाच्या खोलीत शिरत नाही. तरी प्रत्येक ठिकाणी कुणीतरी आपलंच माणूस दिलं जातं. पुड्यामागे कमी झालेली मजुरी भर उन्हात पानं तोडणाऱ्या बाईच्या हातातून जाते. खोट्या दाखल्यावर लागलेली नोकरी खऱ्या हक्काच्या पोराच्या ताटातून जाते. घेणाऱ्याला ती माणसं दिसत नाहीत, म्हणून घेणं सोपं जातं.

यावर मी चार गोष्टी सुचवतो. चारही साध्या आहेत आणि चारही आपल्या हातातल्या आहेत.

पहिली गोष्ट म्हणजे, त्याच दिवशी होकार देऊ नका. रात्री आलेल्या कुठल्याही प्रस्तावाला रात्री उत्तर देऊ नका. जो म्हणेल की आजच सांग, उद्या उशीर होईल, त्याचा प्रस्ताव तेवढ्यावरूनच नाकारायला हरकत नाही. खरं काम एका दिवसाने नासत नाही. मॅकबेथच्या पुढे एक रात्र होती, त्याच्या बायकोने ती रात्र हातची जाऊ दिली नाही. तुम्ही ती रात्र मागून घ्या.

दुसरी गोष्ट, ज्याला त्यात वाटा मिळणार नाही अशा माणसाला सांगा. वाटेकऱ्याचा सल्ला हा सल्ला नसतो. घरातल्या माणसालाही वाटा मिळणार असतो, म्हणून घरात सांगितलं म्हणजे पुरे झालं असं समजू नका. जुने शिक्षक, गावचा भूमिया, बचतगटातली स्पष्ट बोलणारी एखादी बाई, आईच्या माहेरचा मामा, असं कुणीतरी प्रत्येकाच्या ओळखीचं असतं. त्याला फक्त काय देऊ केलं आहे आणि त्याबदल्यात काय करायचं आहे, एवढं सांगा. सांगता सांगता जीभ अडखळली, एखादा तपशील गाळावासा वाटला, तर उत्तर तुम्हाला तिथेच मिळालं.

तिसरी गोष्ट, ज्याचं जाणार आहे त्याचं नाव घ्या. ‘थोडा दर कमी होईल’ असं म्हणू नका. ‘अमकीच्या हातातले इतके रुपये कमी होतील’ असं म्हणा. डंकन हा पाहुणा आहे, नातलग आहे, भला आहे, असं मॅकबेथ आठवत होता तोवर त्याचा हात उठत नव्हता. तो विचार सोडून त्याने जेव्हा फक्त मुकुटाकडे पाहिलं, तेव्हा पाऊल पुढे पडलं. माणूस डोळ्यांपुढून हटला की त्याच्याशी काहीही करता येतं.

चौथी गोष्ट माझ्या मते सगळ्यांत मोठी आहे आणि ती एकट्याने करायची नाही. विवेकासाठी गावात जागा तयार करा. हे स्वप्नरंजन नाही. आपल्याच जिल्ह्यात, धानोरा तालुक्यातल्या मेंढा (लेखा) या गावाने ते करून दाखवलं आहे. देवाजी तोफा आणि त्यांच्या गावकऱ्यांनी बहुमताचा मार्ग सोडला आणि सर्वसहमतीचा धरला. एकाचाही विरोध असेल तर निर्णय थांबतो. पुन्हा बसायचं, पुन्हा बोलायचं. अभ्यासगट बसतो, माहिती काढतो, मग सभा ठरवते. वेळ जातो, कधी कधी कंटाळा येतो. पण २००९ साली सामूहिक वनहक्क मिळवणाऱ्या देशातल्या पहिल्या गावांत मेंढा होतं, आणि २०११ साली बांबूच्या वाहतूक परवान्याचा अधिकार तिथल्या ग्रामसभेच्या हाती आला. बांबू विकून मोठी रक्कम गावात येऊ लागली तेव्हा पैशाचा मोह तिथे शिरला नसेल का? माणसंच ती. फरक इतका की तिथे व्यवहार सभेत मांडावा लागतो, सगळ्यांना समजावा लागतो. रात्री घरी येऊन बोलणाऱ्याला अशा गावात फारशी वाट मिळत नाही. गोटुलाची परंपरा असलेल्या आपल्या समाजाला एकत्र बसून ठरवणं शिकवावं लागत नाही, ते फक्त पुन्हा सुरू करावं लागतं.

आता ज्यांच्या हातून झालं आहे, त्यांच्याशी थोडं बोलतो, कारण अशा लेखात त्यांना नेहमी दाराबाहेर उभं केलं जातं.

मॅकबेथची सगळ्यांत मोठी चूक मला पहिला खून वाटत नाही. पहिल्या खुनानंतर त्याचा विवेक मेला नव्हता. प्रार्थनेच्या शेवटचा ‘आमेन’ त्याच्या घशात अडकला, आपण झोपेलाच मारून टाकलं असं त्याला वाटलं. त्याच्या बायकोने तर पाण्याने हात धुतले की झालं असं म्हटलं होतं, आणि पुढे तीच झोपेत चालत जाऊन न दिसणारे डाग धूत बसली. म्हणजे आतलं माणूस दोघांतही जिवंत होतं, हाका मारत होतं. पण मॅकबेथने स्वतःची समजूत घातली की आपण रक्तात इतके पुढे आलो आहोत की मागे फिरणं आणि पुढे जाणं सारखंच. हे खोटं होतं. तोवर बँको मारला गेला होता, आणि पुढे गेल्यावर मॅकडफ या सरदाराची बायको आणि लेकरं मारली गेली. मागे फिरला असता तर त्याला शिक्षा झाली असती, पण ती लेकरं वाचली असती. दोन्ही वाटा सारख्या कशा?

म्हणून सांगतो, एकदा पाकीट घेतलं म्हणजे आयुष्यभर घ्यायलाच हवं असं कुठे लिहिलेलं नाही. घेतलेलं परत देता येतं. सभेत उभं राहून सांगता येतं. दर कमी लावला असेल तर पुढच्या हंगामाच्या आधी तो वर आणता येतो. चुकीचा दाखला काढला असेल तर शिक्षेला सामोरं जाता येतं, आणि ती शिक्षा आयुष्यभर खोट्याची राखण करण्यापेक्षा हलकी असते. आणि असा माणूस सभेत उभा राहिला तर बाकीच्यांनी काय करायचं? त्याला हसू नका. गुन्हा असेल तर कायदा त्याचं काम करील, पण त्याला गावाबाहेर काढू नका. कबूल करणाऱ्याची फजिती झालेली ज्याने पाहिली, तो दुसरा कधी कबूल करायला उठत नाही.

तरुणांसाठी एक गोष्ट वेगळी सांगायला हवी. महत्त्वाकांक्षा वाईट असते असा अर्थ यातून काढू नका. अहेरीच्या पोरीने डॉक्टर व्हावं, भामरागडच्या पोराने जिल्हाधिकारी व्हावं, एटापल्लीच्या कुणी स्वतःचा कारखाना काढावा, ग्रामसभेच्या अध्यक्षाने आमदार व्हावं. या भागाला महत्त्वाकांक्षी माणसांची फार गरज आहे. बाबुराव शेडमाके काय कमी महत्त्वाकांक्षी होते? पंचविशीच्या आत त्यांनी एका साम्राज्याला आव्हान दिलं. मॅकबेथही शूर होता, लायक होता. लढाई जिंकून त्याला नवी सरदारकी मिळाली होती, ती कष्टाने, उघड्यावर. चांगली महत्त्वाकांक्षा चारचौघांत सांगता येते. मला अमुक व्हायचं आहे, मी असा असा अभ्यास करतो आहे, असं आईला, गुरुजींना, गावाला सांगता येतं. जी इच्छा सांगताना आवाज खाली करावा लागतो, तिच्यापाशी थोडं थांबा.

झाडीपट्टीच्या नाटककारांना, कंपन्यांना माझी हात जोडून विनंती आहे. बाबुरावांच्या पराक्रमाचं नाटक होतच राहील, व्हायलाच हवं. पण लक्ष्मीबाईंच्या त्या रात्रीचंही नाटक लिहा. तिला खलनायिका करून टाकू नका, ते फार सोपं आहे. तिच्या पुढ्यात सरकारचा दबाव ठेवा, जमीनदारीची काळजी ठेवा, ६७ गावं ठेवा, आणि दुसऱ्या बाजूला तिच्याच मातीतला पंचवीस वर्षांचा पोर ठेवा. प्रेक्षकाला तिच्या जागी बसवा. जो प्रेक्षक रात्रभर तिच्या जागी बसेल, त्याला पुढच्या खेपेला घरी आलेल्या ठेकेदाराच्या माणसाकडे वेगळ्या नजरेने पाहता येईल.

आणि ग्रामसभांना एक ठोस आवाहन. येत्या तेंदूच्या लिलावाच्या आधी सभा बोलवा आणि एक ठराव करा. गावाच्या कामासाठी कुणीही, कितीही मोठ्या माणसाने, कुणा एकाला एकट्याने भेटून काही देऊ केलं, तर ते त्या माणसाने पुढच्या सभेत सगळ्यांपुढे सांगावं. नाकारलं असेल तरी सांगावं. ठराव रजिस्टरात लिहा, सगळ्यांच्या सह्या-अंगठे घ्या, बायाबापड्यांचे आधी घ्या, कारण मजुरी त्यांचीच बुडते. दरवेळी सभेच्या सुरुवातीला विचारा की गेल्या सभेपासून कुणाला कुणी भेटलं का. पहिल्या सभेत कुणीच उठणार नाही. दुसरीत कदाचित एक जण उठेल. तो उठला की त्याचं नाव रजिस्टरात आदराने लिहा, आणि त्याच्या शेजारी जो बसला असेल त्याने त्याच्यासोबत उभं राहावं.